ऐकायची तार

आमच्या ऑफिसात तीन शब्द चालत नसत. 'अचानक', 'आपोआप' आणि 'काहीतरी'. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती. पण मॅडम खोलीत असताना यातला एखादा शब्द कुणाच्या तोंडून गेला, की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि बोलणाऱ्याकडं बघत राहायच्या. रागानं नाही. एखाद्यानं अर्धाच निरोप सांगितलाय आणि उरलेला अर्धा तो आता आठवून सांगेल, अशा आशेनं. त्या नजरेपुढं माणसाला आपलं वाक्य बदलावंच लागायचं. "मशीन अचानक बंद पडलं" याचं मग "शेजारी वेल्डिंग सुरू झालं आणि त्यानंतर मशीन बंद पडलं" असं व्हायचं. पुष्कळदा तेवढ्यानंच निम्मं काम उरकायचं.

ही सवय त्यांनी ऑफिसापुरती ठेवली नव्हती. एकदा आम्ही दोघी रिक्षानं जालना रोडनं चाललो होतो आणि रिक्षा भर रस्त्यात थांबली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, गाडी अचानक बंद पडी. दुसरी देख लो."

मॅडम उतरल्या नाहीत. मांडीवरची पिशवी नीट घेऊन म्हणाल्या, "अचानक नक्को बोलो भाई. बंद पडने के पहले क्या हुआ, वो बोलो."

"कुछ नई हुआ."

"आवाज बदला था?"

"हौ. मुकुंदवाडी के उधर जरा भारी हुआ था."

"मुकुंदवाडी में क्या किए?"

"कुछ नई. एक बोरी चढाया पीछे. भाईजान की दुकान की."

त्यानं मागं जाऊन बघितलं. बोरी हवा आत जायच्या जाळीला घट्ट चिकटून बसली होती. त्यानं ती सरकवली, दोन झटके दिले, गाडी सुरू झाली. ऑफिसच्या दारात उतरताना त्यानं मला हळूच विचारलं, "ये मॅडम वकील है क्या?"

वकील नव्हत्या. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडच्या माडीवर आमची लहानशी कंपनी होती, तिथल्या त्या सगळ्यात मोठ्या इंजिनियर. कोंबड्यांची शेड, पॉलिहाऊस, रेशीमकिड्यांची संगोपनगृहं, अशा ठिकाणचं तापमान आणि हवेतली ओल सांभाळणाऱ्या पेट्या आम्ही बनवायचो. प्रत्येक पेटीत एक बोर्ड असायचा. बोर्ड म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढा अख्खा संगणक. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. लाईट आली की त्यानं उठायचं, त्याच्यातलं लिनक्स सुरू व्हायचं आणि मग पंखे, पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर, हीटर यांचा कारभार त्यानं बघायचा. या लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नल उठला नाही, तर पेटी म्हणजे नुसता लोखंडी डबा.

मॅडम बऱ्याच वर्षांपूर्वी बंगळुरातली मोठी नोकरी सोडून गावी परतल्या होत्या. पडेगावला आईसोबत राहायच्या. तिथून अख्खं शहर ओलांडून स्कूटरवर यायच्या. उंच, हाडापेरानं दणकट, सुती साडीवर पुरुषी शर्ट घातलेला, त्याच्या एका खिशात स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्यात पेरू. दौलताबादच्या रस्त्यावरचे पेरू त्या वास घेऊन निवडायच्या आणि ऑफिसात सगळ्यांना वाटायच्या. पण बिघडलेलं मशीन टेबलावर असेल, तर त्या खोलीत कुणी पेरू खाल्लेला त्यांना चालायचा नाही. "पेशंटसमोर खातं का कुणी," असं म्हणून त्या आम्हाला बाहेर जिन्यात पिटाळायच्या. त्यांचं हे बोलणं गमतीचं आहे की खरंच तसं वाटतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बंद पडलेलं मशीन बंद करून पुन्हा चालू करणं, हा त्यांच्या लेखी मोठा अपराध होता. जगातले सगळे लोक तेच करतात, आम्हीही करायचो, पण चोरून. एकदा नवीन आलेल्या एका पोरीनं त्यांच्यासमोरच अडकलेल्या बोर्डाची पिन काढून परत लावली. बोर्ड सुरू झाला. ती आनंदानं वळली, तर मॅडमचा चेहरा पडलेला. म्हणाल्या, "तो सांगणार होता काय झालं ते. तुम्ही त्याला घरी पाठवून दिलं." आवाज चढलेला नव्हता, पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आमच्यासाठी एक मशीन बंद पडून सुरू झालं होतं, त्यांच्यासाठी एक साक्षीदार निघून गेला होता.

आणि वाचन. बोर्ड उठताना आपण काय काय करतोय हे ओळीओळीनं सांगत असतो. लॅपटॉप जोडला की त्या ओळी पडद्यावर धावताना दिसतात. मेमरी सापडली, कार्ड सापडलं, घड्याळ लागलं, असं शेकड्यानं चालतं. उठताना अडकला, तर शेवटच्या ओळीत तक्रार असते, म्हणून जो तो शेवटची ओळ बघतो. मॅडम पहिल्या ओळीपासून वाचायच्या. मोठ्यानं. शाळेत धडा वाचतात तसं, आणि थकल्या की पुढचं आमच्यातल्या कुणालातरी वाचायला लावायच्या.

एकदा बोर्डांची नवी खेप आली आणि त्यातला एकही उठेना. कर्नल निम्म्यात येऊन हात टेकायचा. शेवटच्या ओळीवरून आम्ही चौघांनी चार वेगवेगळे तर्क केले आणि त्यावर भांडलो. मॅडम आल्या, उभ्यानंच पहिल्यापासून वाचायला लागल्या आणि अगदी वरच्याच कुठल्यातरी ओळीवर थांबल्या. त्या ओळीत तक्रार काहीच नव्हती. बोर्डावर मेमरी किती आहे, एवढाच आकडा होता.

"मागच्या खेपेला इथं याच्या दुप्पट होतं," त्या म्हणाल्या.

विकणाऱ्यानं न सांगता निम्म्या मेमरीचे बोर्ड पाठवले होते, आणि आमचा प्रोग्राम नसलेल्या जागेवर सामान नेऊन ठेवत होता. आम्ही चौघंही ती ओळ रोज बघत होतो. फक्त वाचत नव्हतो. मागच्या खेपेचा आकडा त्यांच्या लक्षात कसा राहिला, असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "वाचला होता ना," म्हणाल्या.

त्यांना हे कुणी शिकवलं, असंही मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं बंगळुरातल्या एखाद्या साहेबाचं नाव निघेल. पण त्या म्हणाल्या, "लहानपणी आई दर रविवारी विहारात न्यायची. तिथले भंतेजी एकच सांगायचे. हे असतं म्हणून ते होतं, हे नसलं की ते होत नाही. मला बाकीचं काही कळायचं नाही, पण एवढं पटलं. लिनक्स नंतर आलं." आणि परत बोर्डाकडं वळल्या. त्यांच्या तोंडून असं काही फारसं निघत नसे.

मला त्यांचं जे सगळ्यात ठळक आठवतं, ते देवगाव रंगारीचं.

तिथं उषाताई म्हणून एक बाई चॉकी सेंटर चालवायच्या. रेशमाची अंडी फुटून अळ्या बाहेर आल्या, की सुरुवातीचे दिवस त्या इतक्या नाजूक असतात की साध्या शेतकऱ्याला ते सांभाळणं अवघड जातं. दोऱ्याच्या तुकड्यासारख्या दिसतात. त्यांना ठराविक ऊब लागते, हवेत भरपूर ओल लागते, आणि तुतीचा पाला अगदी बारीक कापून द्यावा लागतो. ते सगळं उषाताई करायच्या आणि अळ्या जरा बळकट झाल्या, की आसपासच्या गावांतले शेतकरी येऊन आपापले ट्रे घेऊन जायचे. या पहिल्या संगोपनालाच चॉकी म्हणतात. चॉकी बिघडली की पुढं त्या शेतकऱ्याची अख्खी मेहनत वाया.

उषाताईंकडं आमची पेटी होती. तिची तक्रार अशी, की लाईट जाऊन आली की पेटी कधी उठायची, कधी उठायची नाही. आमचा सर्व्हिसचा प्रशांत तिकडं हेलपाटे घालत होता. त्यानं पॉवर सप्लाय बदलला, मेमरी कार्ड बदललं, शेवटी बोर्डच बदलला. तो असेपर्यंत पेटी शहाण्यासारखी वागायची. तो माघारी फिरला की दोन-चार दिवसांत उषाताईंचा फोन. उन्हाळा सुरू झाला होता, लाईट सारखी जात होती.

मग एका दुपारी व्हायचं ते झालं. उषाताई कन्नडला नात्यातल्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. लाईट गेली, आली, आणि पेटी उठली नाही. फॉगर बंद, पंखे बंद, पत्रा तापलेला. त्या परत आल्या तोवर ट्रेमधला पाला वाळून कुरकुरीत झाला होता आणि अळ्या त्याला चिकटून तशाच राहिल्या होत्या. ती बॅच गेली. ज्या शेतकऱ्यांनी आपापली शेडं धुऊन, रॅक लावून तयारी ठेवली होती, त्यांना त्यांनी स्वतः फोन केले. त्यानंतर त्या शेडपासून हललेल्या नव्हत्या. लाईट आल्याचं दिसलं, की असतील तिथून उठून आत धावायच्या. जेवतानासुद्धा. हे आम्हाला प्रशांतनं सांगितलं.

"मॅडम, आपण तिथं गेलो की ते नीट चालतंय," तो म्हणाला. "मला वाटतंय तिथल्या लाईटमधेच काहीत..." आणि जीभ चावून थांबला.

मॅडमनी तो शब्द सोडून दिला. त्या दुसऱ्याच गोष्टीत अडकल्या होत्या. "आपण गेलो की तिथं काय बदलतं?" त्यांनी विचारलं.

"काय बदलणार? मी पेटी उघडतो, लॅपटॉप लावतो, बघतो."

"मी येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. दौलताबाद मागं टाकून खुलताबादचा घाट चढलो. देवगावला पोचलो तेव्हा उषाताई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या, सडसडीत, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी या-बसा म्हटलं, पाणी दिलं, पण चेहऱ्यावर ओळख दाखवली नाही. त्यांचे सासरे बाजेवर बसले होते, त्यांनी हात जोडून "जय भीम ताई" म्हटलं. मॅडमनीही "जय भीम" म्हटलं आणि चपला काढून चुन्याच्या भुकटीवर पाय ठेवून, हात धुऊन आत गेल्या. हे आत जायचं रीतसर पथ्य त्या कुणी न सांगता पाळतायत, हे उषाताईंनी पाहिलं.

ट्रे रिकामे होते. नवी अंडी अजून यायची होती. मॅडमनी पेटीला हात लावला नाही. जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि उषाताईंना म्हणाल्या, "मला सुरुवातीपासून सांगा."

"त्या साहेबाला सगळं सांगितलंय," उषाताई म्हणाल्या.

"मला सांगा. मला लागतं ते."

उषाताई उभ्याउभ्याच सांगू लागल्या. "लाईट आली की पेटीवरचा हिरवा दिवा लागतोय. मग जराशानं पंखे फिरतेत. कधी दिवा लागतोय अन् पंखे काही फिरनात. कितीबी थांबा, फिरनातच. बंद करून चालू केलं की होतंय परत."

"दिवा लागतो, पण पंखे फिरत नाहीत."

"व्हय."

"म्हणजे जीव आहे त्याच्यात."



मग बिघाड डोळ्यांसमोर व्हावा म्हणून मॅडमनी मेन स्विच बंद करून परत चालू करायला लावला. पेटी उठली, पंखे फिरले. परत बंद, परत चालू. परत उठली. असं किती वेळ चाललं मी मोजलं नाही, पण प्रशांत घामाघूम झाला, मी भिंतीला टेकले, आणि मॅडम मात्र पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या दर वेळी पेटीकडं बघत होत्या. शेवटी एकदा हिरवा दिवा लागला आणि पंखे फिरले नाहीत. आम्ही वाट पाहिली. नाहीच फिरले.

"हेच," उषाताई म्हणाल्या. "हेच होतंय."

प्रशांत लगेच लॅपटॉप घेऊन पुढं झाला. पेटीचं झाकण उघडून त्यानं आत हात घातला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हात आहे तिथंच ठेव. काय काढायलास?"

"सेन्सरचा प्लग."

"का?"

"मॅडम, लॅपटॉपची वायर त्याच पिनांना लागते. दुसरी जागाच नाय. सेन्सर काढल्याबिगर लॅपटॉप लागत नाय."

"दर वेळी काढतोस?"

"दर वेळी."

मॅडमचा चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला आणि उठून पेटीजवळ गेल्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला आजही समोर दिसतो. सापडल्याचा आनंद त्यात नव्हता. कुणीतरी ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि तोच आहे की नाही याची खात्री करावी, तसं त्या बघत होत्या.

"प्लग राहू दे," त्या म्हणाल्या. "मला ब्लेड दे."

त्या पिनांवर दोन तारा होत्या. एका तारेनं बोर्ड बोलतो, दुसऱ्या तारेनं ऐकतो. हवेत ओल किती आहे, हे सेन्सर त्या ऐकायच्या तारेवरून बोर्डाला सांगायचा. मॅडमनी ऐकायची तार तशीच राहू दिली. बोलायच्या तारेवरचं प्लास्टिक नखाएवढं खरवडलं, तिथं लॅपटॉपची एकच वायर चिमट्यानं लावली आणि जमिनीवर लॅपटॉप ठेवून समोर बसल्या. बोर्ड बंद केला नाही, चालू केला नाही. नुसतं ऐकायला बसल्या. आम्ही मागं उभे राहिलो.

पडदा कोरा होता. मग त्यावर एक ओळ आली. काही क्षण गेले, तशीच दुसरी आली. मग तिसरी. मॅडमनी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. ओळ इंग्रजीत होती, अर्थ एवढाच की, ही आज्ञा मला माहीत नाही. आणि ती आज्ञा म्हणजे एक आकडा होता. पुढच्या ओळीत पुन्हा तेच, आकडा थोडा वेगळा. ही आज्ञा मला माहीत नाही.

"हा आकडा ओलीचा आहे," मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. मग त्या उषाताईंकडं वळल्या आणि आम्हाला सोडून त्यांना समजावून सांगायला लागल्या. लाईट आली की बोर्डातला एक छोटा प्रोग्राम आधी उठतो. मोठ्याला, म्हणजे कर्नलला, हाक मारायचं त्याचं काम. पण हाक मारण्याआधी तो क्षणभर थांबतो. कुणी माणूस समोर बसून काही टाईप करतोय का, ते बघतो. कुणी कळ दाबली, तर त्याला वाटतं दुरुस्तीवाला आलाय, आता हा सांगेल तसं करायचं. मग तो कर्नलला उठवत नाही, हुकमाची वाट बघत बसतो. आता लाईट आली की सेन्सरही जागा होतो आणि थोड्या थोड्या वेळानं आकडा सांगायला लागतो, त्याच तारेवरून. तो आकडा नेमका त्या क्षणात पडला, तर छोट्या प्रोग्रामला वाटतं माणूस बोलला. तो थांबतो. आणि पुढं सेन्सर सांगत राहतो, हा म्हणत राहतो, मला कळेना, मला कळेना.

"आम्ही इतके दिवस शोधत होतो, कर्नल का उठत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी हाकच मारली नव्हती. आणि आम्ही बघायला यायचो, ते सेन्सर काढून ठेवूनच. मग दिसणार कसं."

उषाताई लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हणजे हे बिघडलेलंच नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं. चुकीचं जोडलेलं होतं."

प्रशांत सुटल्यासारखा हसला. "कुणी जोडलं असेल हे असं, सेन्सर त्याच पिनांवर."

"मी," मॅडम म्हणाल्या.

प्रशांतचं हसू तिथंच थांबलं.

"पेटीचं पहिलं मॉडेल मी केलं होतं. तेव्हाच्या बोर्डावर दुसरी जागा मोकळी नव्हती. मला वाटलं, ही तार दुरुस्तीलाच लागते, एरवी कोण वापरतंय. मग नवे बोर्ड आले, त्यांच्यावर जागा होती, तरी मी ते बदललं नाही." त्या उषाताईंकडं बघत होत्या, आमच्याकडं नाही. "ताई, तुमची बॅच माझ्यामुळं गेली."

प्रशांतनं माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाइकापुढं असं कुणी बोलत नसतं. निदान आधी मालकांच्या कानावर घालायचं, मग काय ते शब्द निवडून सांगायचं, अशी रीत असते. मॅडमना ती रीत माहीत होती. त्यांनी ती पाळली नाही, इतकंच.

उषाताईंनी एकदा रिकाम्या ट्रेंकडं बघितलं. चिडल्या असत्या तर बरं, असं मला वाटत होतं. मग म्हणाल्या, "आता नीट होईल का?"

"होईल. सेन्सर दुसऱ्या जागी लावते. आणि त्या छोट्या प्रोग्रामला सांगते, कुणासाठी थांबायचं नाही, सरळ हाक मारायची."

"ह्यांनीबी म्हणलं होतं मागं. नीट झालं म्हणून." त्यांनी प्रशांतकडं बोट केलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मॅडमनी खालमानेनं ते ऐकून घेतलं. काम केलं, स्विच पुन्हा पुन्हा बंद-चालू करून दाखवला, पेटी दर वेळी उठली. उषाताई बघत होत्या आणि दर वेळी पंखे फिरेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला मला दिसत होता. निघताना मॅडमनी विचारलं, "पुढची बॅच कधी?"

"सोमवारी अंडी येणार."

"मी येते सोमवारी. चॉकी पुरी होईस्तोवर राहीन. चालेल का?"

उषाताईंनी त्यांना खालून वरपर्यंत बघितलं. "पाला कापता येतोय का?"

"शिकेन."

ऑफिसात हे कळल्यावर कंपनीच्या मालकांनी कपाळाला हात लावला. आधीच मॅडमनी परत आल्या आल्या आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले होते आणि प्रत्येकाला जसंच्या तसं सांगत होत्या, पेटीत आमची चूक आहे, आम्ही येऊन बदलून देतो. मालक म्हणाले, "मॅडम, लोक म्हणतील माल खराब आहे." त्या म्हणाल्या, "खराबच होता. आता नीट करायलोत." आणि आता अख्खी चॉकी होईपर्यंत कंपनीतली सगळ्यात अनुभवी बाई देवगावला अळ्यांना पाला घालणार. मॅडमनी रजेचा अर्ज ठेवला, आईला शेजारणीच्या हवाली केलं आणि सोमवारी एक पिशवी घेऊन एसटीनं निघून गेल्या.

मधे एकदा सहीच्या कामासाठी मी गेले होते. मॅडम शेडच्या पुढच्या खोलीत, डोक्याला रुमाल बांधून, लाकडी पाटावर तुतीचा पाला कापत बसल्या होत्या. बोटांना चिरा पडलेल्या. मी बोलायला लागले तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. अळ्या मोल्टवर होत्या, म्हणजे कात टाकत होत्या. त्या वेळी त्या खात नाहीत, हलत नाहीत, आणि त्यांना धक्का लागलेला चालत नाही. मी बोलल्यानं त्यांना धक्का बसला असता असं नाही. पण मॅडमनी सगळ्या गोष्टी शिकून घेतल्या होत्या आणि आता त्या मनापासून पाळत होत्या.

आम्ही बाहेर येऊन बाभळीच्या सावलीत उभ्या राहिलो. मला राहवलं नाही. म्हणाले, "मॅडम, सेन्सर हलवलाय, सेटिंग बदललंय. पेटी उठणार हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. मग हे कशासाठी?"

त्यांनी कागदावर सही केली, पेन मला परत दिलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "उषाताईंना कुठं माहीत आहे?"

बोर्ड उठला की माझ्यासाठी काम संपायचं. यांच्यासाठी ते अजून सुरू होतं, आणि ते कुठं संपणार, हे लॅपटॉपच्या पडद्यावर दिसण्यासारखं नव्हतं.

चॉकी पुरी झाली त्या सकाळी मी त्यांना आणायला गाडी घेऊन गेले. अंगणात शेतकरी जमले होते. कुणी मोटरसायकलवर, कुणी छोट्या टेम्पोत, ओल्या फडक्यांनी झाकलेले ट्रे नेत होते. एकानं मॅडमकडं बघून उषाताईंना विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या?"

"मशीनवाल्या ताई," उषाताई म्हणाल्या. "हाताला चपळ नायत, पण कामाला खऱ्यात."

मॅडम हसल्या. मी त्यांना तसं हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

ट्रे गेले. शेवटचे दोन राहिले होते, त्यांचे शेतकरी दुपारी येणार होते. उषाताई त्यांच्यासाठी पाला कापायला बसल्या. मॅडमची पिशवी भरलेली होती, चहा झाला होता, तरी त्या निघेनात. कधी दारात उभ्या राहत, कधी परत बाजेवर बसत. मला वाटलं, त्यांचा पाय निघत नाहीये.

मग लाईट गेली. आतला पंख्यांचा आवाज थांबला. सासऱ्यांनी वर बघून काहीतरी पुटपुटलं. उन्हं चढत होती, पत्रा तापायला लागला होता. थोड्या वेळानं लाईट आली. दारातून पेटीचा हिरवा दिवा दिसला. मी मनातल्या मनात मोजायला लागले होते, तेवढ्यात आत पंखे फिरायला लागल्याचा आवाज आला, आणि मागोमाग फॉगरची फुसफूस.

उषाताई पाला कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. विळीचा आवाज एका लयीत चालू होता, तो तसाच चालू राहिला.

मॅडमनी तो जरा वेळ ऐकला. मग पिशवी खांद्याला अडकवली आणि मला म्हणाल्या, "चला."